झायलीनमधलं पॉलिइथिलीन: दोन नळ्या, एकच बाथ, मग वेळ वेगळी का?

रसायनी

मंडळी, घोडं अडलंय. जुन्या धाग्यांवरून इथे पॉलिमरवाले बरेच दिसतात, म्हणून इथेच विचारते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सरळ साखळीचं पॉलिइथिलीन झायलीनमध्ये विरघळवून त्याचे स्फटिक पाडायचे आहेत. द्रावण अगदी पातळ, शेकडा ०.०५ च्या आसपास. गरम असताना पाण्यासारखं स्वच्छ असतं. मग नळी ८५ अंशांच्या तेलाच्या बाथमध्ये सोडायची आणि वाट बघायची. बराच वेळ काहीही होत नाही. मग कधीतरी बाजूने टॉर्च मारला की पुसटशी निळसर झाक दिसते, आणि तिथून पुढे हळूहळू सगळं दुधाळ.

आता कोडं. दोन्ही नळ्यांत एकाच बाटलीतलं द्रावण. पहिली उकळेपर्यंत तापवली आणि तशीच थोडा वेळ ठेवली. दुसरी आदल्या दिवशीची, थंड होऊन गढूळ झालेली. ती नुसती स्वच्छ दिसेपर्यंत तापवली. दोन्ही एकाच वेळी बाथमध्ये टाकल्या. दुसरी लगेच दुधाळ झाली, पहिली ढिम्म! बाथ, थर्मामीटर, नळ्या, झायलीनची बाटली, सगळं तपासून झालं.

आणि एक मूलभूत शंका. पुस्तक सांगतं की साखळ्या घड्या घालून स्फटिकात बसतात. का? सरळ बसायला काय हरकत आहे?

---

अणुकुचीदार

कोडं सोपं आहे आणि फार सुंदर आहे. तुमची दुसरी नळी स्वच्छ *दिसत* होती. तिच्यात आदल्या दिवशीच्या स्फटिकांचे बारीक अवशेष शिल्लक होते. इतके बारीक, की प्रकाश विखुरला जात नाही, पण पुढच्या स्फटिकाला बीज म्हणून पुरेसे.

नवा स्फटिक सुरू होणं हीच यातली सगळ्यात अवघड पायरी. काही साखळ्या योगायोगाने शेजारी-शेजारी येतात, थोडा वेळ टिकतात, पुन्हा सुटतात. ठरावीक आकाराच्या पुढे गेलेला पुंजकाच वाढतो, त्याच्या आतला विरघळून जातो. पहिल्या नळीत हे सगळं शून्यापासून व्हायचं होतं, म्हणून ती ढिम्म. दुसरीत बीजं तयारच होती.

ब्लंडेल, केलर आणि कोव्हाक्स यांनी १९६६ मध्ये याचीच पद्धत करून टाकली. तिला सेल्फ-सीडिंग म्हणतात. गढूळपणा जेमतेम नाहीसा होतो त्याच्या किंचित वर तापवायचं आणि मग हव्या त्या तापमानाला आणायचं. सगळी बीजं एकदमच वाढायला लागतात, त्यामुळे स्फटिकही जवळजवळ एकसारख्या आकाराचे मिळतात. तापवण्याचं तापमान एखाद्या अंशाने वरखाली केलं तरी बीजांची संख्या प्रचंड बदलते, म्हणजे स्फटिकांचा आकार आपल्या हातात येतो. लोक हे मुद्दाम करतात, तुम्हाला फुकटात मिळालं.

---

शंकेखोर

"अवशेष शिल्लक होते" हे ठीक. पण स्फटिकाचा वितळण्याचा किंवा विरघळण्याचा बिंदू एक असतो ना? त्याच्या वर गेलं की सगळं विरघळायला हवं. काही विरघळलं, काही राहिलं, हे कसं काय? मीठ असं वागत नाही.

---

अणुकुचीदार

@शंकेखोर, बिंदू एक नसतो, खरी मेख तिथेच आहे. पॉलिमरच्या स्फटिकाचं विरघळणं त्याच्या जाडीवर अवलंबून असतं. पातळ स्फटिक आधी विरघळतो, जाड नंतर. शिवाय तापवताना काही भाग विरघळता विरघळता जाड होतो आणि टिकून राहतो. तो टिकलेला भाग म्हणजेच बीज.

---

जुना खडू

चांगला धागा. घडीच्या प्रश्नाला हात घालतो. नमनाला घडाभर तेल नको, आकडेच मांडू.

पॉलिइथिलीनची १ लाख रेणुभाराची साखळी घ्या. एका कार्बन गटाचा भार १४, म्हणजे सुमारे ७१४० कार्बन. सरळ नागमोडी ताणली तर दर कार्बनमागे ०.१२७ नॅनोमीटर. एकूण लांबी ९०० नॅनोमीटरच्या घरात. आणि रसायनीताईंच्या नळीतल्या स्फटिकाची जाडी? १० ते १५ नॅनोमीटर.

हा स्फटिक म्हणजे एक पातळ चौकट पत्ती, शंकरपाळ्याच्या आकाराची. १९५७ मध्ये तीन जणांनी स्वतंत्रपणे या पत्त्या प्रसिद्ध केल्या: ब्रिस्टलचे अँड्र्यू केलर, ड्यूपाँचे पी. एच. टिल आणि जर्मनीतले एर्हार्ड फिशर. केलर यांनी एकाच पत्तीवर इलेक्ट्रॉन विवर्तन घेतलं. साखळ्या पत्तीला लंब, म्हणजे जाडीच्या दिशेने उभ्या निघाल्या. आता ९०० नॅनोमीटरची साखळी १२ नॅनोमीटरच्या जाडीत उभी कशी राहील? वर पोचली की वळून खाली, खाली पोचली की वळून वर, असं पंचाहत्तरेक वेळा केल्याशिवाय ती आत मावतच नाही. दुसरा मार्ग शिल्लक राहत नाही. एवढ्या साध्या भूमितीवर एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं.

गंमत अशी की बेल लॅब्जमधल्या स्टॉर्क्स यांनी १९३८ मध्येच गटापर्चाच्या (रबरासारखा एक नैसर्गिक पॉलिमर) पातळ थरांवरून घडीची कल्पना मांडली होती. कुणी लक्ष दिलं नाही. एक कारण उघड आहे. तेव्हा उच्च दाबाखाली बनवलेल्या पॉलिइथिलीनला जागोजागी फांद्या असायच्या, आणि फांदी स्फटिकात मावत नाही. सरळ साखळीचं पॉलिइथिलीन १९५० च्या दशकात आलं, ते बनवणारा त्सीग्लरचा उत्प्रेरक १९५३ चा. माल हाती आल्यावर चार वर्षांत तिघांना एकदम स्फटिक दिसले.

---

लोकल_प्रवासी

वाचतोय. अर्धं डोक्यावरून जातंय, पण मजा येतेय.

अवांतर: शंकरपाळ्याचे फोटो मिळतील का?

---

जुना खडू

@लोकल_प्रवासी, पाठ्यपुस्तकांत भरपूर सापडतील. बघताना दोन गोष्टी शोधा. पहिली, पत्तीवर कर्णाच्या दिशेने सुरकुती. द्रावणात तरंगताना या पत्त्या सपाट नसतात, आतून पोकळ पिरॅमिडसारख्या असतात. वाळवल्या की कोसळून चपट्या होतात आणि सुरकुती पडते. दुसरी, मधोमध जिन्यासारखी चक्राकार वाढ. ती स्क्रू डिसलोकेशनमुळे (स्फटिकाच्या रचनेतला जिन्यासारखा पीळ पडलेला दोष), आणि स्फटिक असे चक्राकार वाढू शकतात हे सांगणारे चार्ल्स फ्रँक केलर यांच्याच ब्रिस्टलच्या विभागात होते. तसे सर्पिल जॅकोडीन यांनी १९५५ मध्येच पॉलिइथिलीनवर पाहिले होते, पण साखळी आत कशी बसलीय हा प्रश्न पुढे दोन वर्षांनी सुटला.

आणखी एक. पत्ती फाटली तर काही बाजूंना चीर स्वच्छ जाते आणि काही बाजूंना चिरेच्या आरपार बारीक धागे ताणलेले दिसतात. शंकरपाळ्याचे चार त्रिकोण धरा. प्रत्येक त्रिकोणात घड्या त्याच्या बाहेरच्या कडेला समांतर असतात. घड्यांच्या रांगेला समांतर फाडलं तर चीर स्वच्छ, आडवं फाडलं तर घड्या उलगडून धागे निघतात. घडी खरी आहे हे सांगायला यापेक्षा बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

---

शंकेखोर

मावायला घडी घालावी लागते हे कळलं. पण ही भूमिती *कशी* ते सांगते, *का* ते सांगत नाही. स्फटिक ९०० नॅनोमीटर जाडीचा का होत नाही? घडीच्या ठिकाणी साखळी वाकवायला ऊर्जा लागते. सरळ साखळ्यांचा स्फटिक जास्त स्थिर असणार. मग निसर्ग कमी स्थिर पर्याय का निवडतो?

---

अणुकुचीदार

बरोबर जागी बोट ठेवलंत. सरळ साखळ्यांचा स्फटिकच सगळ्यात स्थिर, याबद्दल वाद नाही. पॉलिइथिलीन हजारो वातावरणांच्या दाबाखाली गोठवलं तर ताणलेल्या साखळ्यांचे जाडजूड स्फटिक मिळतातही. वुंडरलिख यांनी ते १९६० च्या दशकात दाखवले. पण आपल्या नळीत जिंकतो तो सगळ्यात *लवकर* वाढणारा स्फटिक.

वाढत्या कडेवर एक साखळी येऊन टेकते. तिला तिथे एक उभा तुकडा बसवायचा आहे. तुकडा फार आखूड असेल तर घडीचा खर्च भरून निघत नाही आणि तो सुटून परत द्रावणात जातो. फार लांब असेल तर इतकी लांब साखळी एका दमात सरळ होऊन कडेला चिकटायची शक्यताच नगण्य. जेमतेम टिकेल त्याहून थोडा जास्त लांब तुकडा सगळ्यात झटपट बसतो. एक बसला की उरलेली साखळी वळून शेजारी तसाच दुसरा बसवते.

आता "जेमतेम टिकेल" ती लांबी कशावर ठरते? अतिशीतनावर, म्हणजे विरघळण्याच्या तापमानाच्या किती खाली आपण आहोत त्यावर. जास्त खाली गेलात तर आखूड तुकडाही टिकतो, स्फटिक पातळ. वर राहिलात तर लांब तुकडाच टिकतो, स्फटिक जाड, पण वाट बघत बसा. लॉरिट्झन आणि हॉफमन यांनी १९६० मध्ये हे गणितात बसवलं: जाडी अतिशीतनाच्या व्यस्त प्रमाणात, वर एक छोटीशी भर. द्रावक बदलला की विरघळण्याचं तापमान बदलतं, पण अतिशीतन सारखं ठेवलं तर जाडीही साधारण सारखीच येते.

म्हणून द्रावक माहीत असेल आणि स्फटिक नंतर तापवलेला नसेल, तर जाडी मोजून तो साधारण कुठल्या तापमानाला वाढला हे सांगता येतं. मधेच बाथचं तापमान खाली आणलंत तर तिथून पुढची कड पातळ वाढते आणि पत्तीवर पायरी उमटते. हे प्रयोग करून पाहिलेलं आहे.

---

शंकेखोर

पटलं. म्हणजे हा समतोलाचा नाही, घाईचा स्फटिक आहे. मग वेळ दिला तर तो सुधारतो का?

---

अणुकुचीदार

सुधारतो, पण कूर्मगतीने. पत्त्या गाळून, वाळवून ११० अंशांच्या वर ठेवल्या की जाड व्हायला लागतात. जाडी वेळेच्या लॉगरिदमनुसार वाढते. म्हणजे पहिल्या मिनिटात जेवढी वाढली, साधारण तेवढीच वाढ पुढे दहा मिनिटं व्हायला लागते, मग शंभर. साखळ्या स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकतात, घड्या कमी होतात. माल तेवढाच असल्यामुळे पत्तीला भोकं पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली चाळणी झालेली दिसते. पूर्ण सरळ साखळ्यांपर्यंत मात्र ती कधी पोचत नाही, त्याआधी वितळते.

---

जुना खडू

@शंकेखोर, तुमच्यासारखाच एक मोठा शंकेखोर या गोष्टीत आहे. पॉल फ्लोरी, १९७४ चं रसायनाचं नोबेल.

घडी नियमित असते, साखळी बाहेर आली की लगेच शेजारीच आत शिरते, नऊवारीच्या निऱ्यांसारखी, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, साखळी बाहेर पडते, थोडी भटकते आणि कुठेतरी लांब पुन्हा आत जाते. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या वायरींच्या जंजाळावरून याला स्विचबोर्ड प्रारूप म्हणायचे. १९७९ च्या केंब्रिजच्या फॅरडे चर्चेत (रसायनशास्त्रज्ञांची परिषद) दोन्ही पक्ष समोरासमोर आले आणि चांगलीच जुंपली. तिथले शोधनिबंध आजही वाचावेत असे आहेत. विज्ञानात लोक एकमेकांना किती सभ्यपणे टोचतात ते कळतं.

न्यूट्रॉन विखुरण्याच्या (स्कॅटरिंग) प्रयोगांनी बरंच स्पष्ट झालं. काही साखळ्यांत हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालायचं, म्हणजे गर्दीत एकटी साखळी ओळखू येते. पातळ द्रावणातल्या स्फटिकांत घड्या बहुतांशी शेजारी-शेजारी, पण एकाच रांगेत सगळी साखळी नव्हे. ती अनेक रांगांत वाटलेली. वितळलेल्या पॉलिमरमधून गोठवलेल्या स्फटिकांत मात्र गोंधळ बराच जास्त. माझं मत विचाराल तर फ्लोरी चुकीच्या नळीबद्दल बरोबर बोलत होते.

---

मास्ट्रिख्टकर

उशिरा आलो, वरातीमागून घोडं. पण हा विषय आमच्या अंगणातला आहे, म्हणून राहवेना. इथून हाकेच्या अंतरावर खेलेन आहे, डीएसएम या डच रसायन कंपनीच्या संशोधनशाळा तिथे होत्या.

१९६० च्या दशकात पेनिंग्ज यांनी तिथे पॉलिइथिलीनचं झायलीनमधलं द्रावण ढवळत ठेवून गोठवलं. ढवळलं की काही साखळ्या प्रवाहात ताणल्या जातात आणि त्यांचा सरळ दोरा बनतो. उरलेल्या साखळ्या त्या दोऱ्यावर घड्या घालून चकत्यांसारख्या वाढतात. सळईवर कबाब ओवल्यासारखं दिसतं म्हणून नावच शिश-कबाब. शंकेखोरांना हव्या त्या सरळ साखळ्या निदान सळईत तरी मिळाल्या.

पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी स्मिथ आणि लेमस्ट्रा यांनी जेल-स्पिनिंग ही धागा काढायची पद्धत आणली. लाखोंच्या रेणुभाराचं पॉलिइथिलीन डेकॅलिन या द्रावकात काही टक्के विरघळवायचं, छिद्रातून धागा काढून गार करायचा. द्रावणात साखळ्या एकमेकींपासून दूर असतात, गुंता कमी. गार होताच घड्यांचे स्फटिक बनतात आणि तो कमी झालेला गुंता तसाच पकडून ठेवतात. मग हा जेलसारखा धागा गरम करून तीसपट किंवा त्याहूनही जास्त ओढायचा. घड्या उलगडतात, साखळ्या धाग्याच्या दिशेने सरळ होतात. डायनिमा नावाने विकला जाणारा धागा तो हाच. ताकद ३ गिगापास्कलच्या घरात आणि तरी पाण्यावर तरंगतो, घनता ०.९७. जहाजांचे दोर, बुलेटप्रूफ जाकिटं, सगळीकडे. वितळवलेल्या पॉलिमरमधून एवढं ओढायला गेलात तर गुंत्यामुळे आधीच तुटतो.

---

भातुकली

विज्ञान मला फारसं कळत नाही, पण एक विचारू? स्टार्चसुद्धा पॉलिमरच ना? फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी कडक होतो, तो हाच प्रकार का?

---

अणुकुचीदार

@भातुकली, हाच. शिजताना स्टार्चचे कण फुगून साखळ्या मोकळ्या होतात, गार झाल्यावर पुन्हा स्फटिक बनू लागतात. सरळ साखळीचं अमायलोज काही तासांत बसतं, फांद्यांचं अमायलोपेक्टिन बसायला दिवस घेतं. फरक एवढाच की इथे साखळ्या घड्या न घालता जोडीने पीळ घेतात.

फ्रिजचं तापमान यासाठी सगळ्यात वाईट, बीजं तिथे भराभर पडतात. फ्रीझरमध्ये साखळ्यांची हालचालच थांबते, म्हणून तिथला भात त्या मानाने बरा राहतो. वाफ दिली की अमायलोपेक्टिनचे स्फटिक वितळतात आणि भात पुन्हा मऊ. अमायलोजचे वितळायला दीडशे अंशांच्या आसपास लागतात, ते घरच्या पातेल्यात व्हायचं नाही. फोडणीच्या भाताला शिळा भातच का लागतो, त्याचंही उत्तर यातच.

---

विजेचा खांब

रंगाने दिसणारं उदाहरण देतो. वीजवाहक पॉलिमरपैकी पॉलिहेक्झिलथायोफीन घ्या, आमच्या धंद्यात पी३एचटी. चांगल्या द्रावकात केशरी, शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास. तेच ॲनिसोलसारख्या बेताच्या द्रावकात गरम करून विरघळवा आणि हळूहळू गार होऊ द्या. तासातासाने रंग काळपट लाल, मग जांभळट होत जातो, आणि वर्णपटात ६०५ च्या जवळ नवा खांदा वर येतो. त्याच्या उंचीवरून किती माल स्फटिकात गेला हे नळी न उघडता मोजता येतं. स्फटिक म्हणजे लांबलचक तंतू, रुंदी १५ नॅनोमीटरच्या घरात. लांब साखळीला त्या रुंदीत मावायला इथेही घडी घालावीच लागते.

---

अणुकुचीदार

वरच्यात बीजाची भर घालतो. मॅनर्स आणि विनिक यांच्या गटांनी २००७ मध्ये लोहयुक्त पॉलिमरच्या ब्लॉक कोपॉलिमरचे (दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडलेली साखळी) लांब तंतू दाखवले, ज्यांच्या टोकाशी पॉलिमर घातलं की वाढ पुढे चालू राहते. पुढे त्यांनीच तंतू ध्वनिलहरींनी तोडून बारीक बीजं केली. दर बीजामागे जेवढा माल घालाल तेवढी लांबी, सगळ्यांची जवळजवळ सारखी. मॅनर्स तेव्हा ब्रिस्टललाच होते! विभाग वेगळा, पण गाव तेच.

---

शंकेखोर

एक शेवटची शंका. थंड केलं की वेग वाढतो, हे नेहमी खरं?

---

जुना खडू

नाही! बरं विचारलंत, हा माझा आवडता प्रयोग आहे.

१९८५ च्या सुमारास नेमक्या एकाच लांबीचे अल्केन (पॉलिइथिलीनसारख्याच सरळ कार्बन साखळ्या) तयार करण्यात आले, उदाहरणार्थ २४६ कार्बनचा. पॉलिमरच, पण प्रत्येक साखळी तंतोतंत सारखी. याच्या स्फटिकाची जाडी वाटेल ती नसते. साखळी सरळ, किंवा बरोबर मधोमध एक घडी, किंवा दोन. मधलं काही टिकत नाही. उंगार आणि केलर यांनी वेग मोजला. तापमान उतरवत नेलं तसा सरळ साखळ्यांच्या स्फटिकाचा वेग आधी वाढला, मग चक्क *घटत* गेला, जवळपास थांबला, आणि त्याहून खाली घडीच्या रूपात पुन्हा वाढला.

कारण असं की घडी घातलेल्या साखळ्या कडेला येऊन टेकतात. त्या टिकणाऱ्या नसतात, पण सुटेपर्यंत जागा अडवतात आणि सरळ साखळीला बसू देत नाहीत. घडीच्या रूपाचं विरघळण्याचं तापमान जवळ येतं तसतसा हा मुक्काम लांबतो. याला सेल्फ-पॉयझनिंग म्हणतात. द्रावणात तर सांद्रता वाढवली तरी वेग *कमी* होतो अशी अवस्था सापडली, कारण अडवणारेही वाढतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे आधी खोटंच वाटतं.

---

रसायनी

सगळ्यांचे खूप आभार. दोन्ही नळ्या उकळून, तसंच ठेवून पुन्हा बाथमध्ये टाकल्या: आता दोघी मिळून ढिम्म आहेत. :-)

पुढचं विचारते. स्फटिक पडून झाले की नळी बाहेर काढून गार करू आणि मग गाळू, की बाथमधूनच गाळू? गाळणी गरम ठेवणं कटकटीचं आहे.

---

अणुकुचीदार

कटकट करा. ८५ ला सगळं पॉलिमर बाहेर येत नाही. आखूड साखळ्या द्रावणातच राहतात. तशीच नळी गार केलीत तर त्या तुमच्या पत्त्यांच्या कडेला पातळ झालर धरतील, काही वेगळे बारीक स्फटिकही पाडतील, आणि जाडी मोजताना दोन वेगवेगळे आकडे समोर येतील. गाळणी आणि धुवायचं ताजं झायलीन दोन्ही बाथच्याच तापमानाला ठेवा. फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) करा, जवळपास उघडी ज्योत नको. धुतल्यावर पत्त्या झायलीनमध्येच साठवा. वाळवल्यात तर एकमेकींवर बसतात, पुन्हा सुट्या होत नाहीत.